शंभरावं पॅकेट

औलूतली प्रयोगशाळा. फेब्रुवारी.
इर्या केम्पाइनेनच्या पडद्यावर
समुद्र नाही, बर्फ नाही, बर्फात रुतलेला बोया नाही,
नुसती त्यांची नक्कल:
शंभर पॅकेटं, प्रत्येकात त्याचा क्रमांक
आणि बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.
मधल्या हवेच्या जागी
तिनंच कालवलेला गोंगाट.

इकडून शंभर निघतात.
तिकडे पोचतात एकाहत्तर.

गोंगाट तिचाच, मापही तिचंच,
आमटीत मीठ घालावं तसा चिमटीनं घातलेला,
तरी ती त्याच्यावर अशी डाफरते
की जसा तो शेजाऱ्यांच्या घरून आलाय.

मंगळवारी तिनं ओळख पटवायची अट सैल केली.
बत्तीस बिटांच्या खुणेत पाच चुकले तरी चालतील.
शेवटची पडताळणीही काढून टाकली.
तर आली एकशे बारा!
कुणीच न पाठवलेली,
गोंगाटाच्या पोटी जन्मलेली.
एकानं बर्फाची जाडी सांगितली
उणे नऊशे तीन.
कॉफीचा कप घेऊन मागे उभा तुओमो म्हणाला,
‘समुद्राला भोक पडलं म्हणायचं.’

बुधवारी अट आवळली. चाळीस.
गुरुवारी पॅकेटाआधीची एक-शून्य-एक-शून्य लांबवली,
बोलण्याआधी घसा खाकरावा तशी,
ऐकणाऱ्याला ताल सापडेपर्यंत.
त्र्याण्णव.
त्या रात्री ती बरी झोपली.

शुक्रवारी तिनं गोंगाटच शून्यावर आणला.
धुतलेल्या काचेसारखी हवा.
एक बिट इकडचा तिकडे व्हायला जागा नाही.

नव्याण्णव.

म्हणजे आठवडाभर
चोर सोडून संन्याशाला सुळी.
तिनं यादी काढली. एकपासून नव्याण्णवपर्यंत
सगळी शिस्तीत उभी.
मग जुन्या नोंदी उपसल्या:
बाकीची हरवलेली दर वेळी निराळी,
शंभरावं मात्र कधीच आलेलं नाही.
हत्ती जातो, शेपूट राहतं.

फोन वाजला. शुक्रवारचा.
हाइलुओतो बेटावरून वडील:
बर्फावरचा रस्ता उघडलाय.
सरपण एप्रिलपर्यंत पुरेल.
मांजराचा डोळा बरा आहे.
‘बरं तर.’

इथं ती नेहमी ‘ठेवते’ म्हणते, आणि ठेवते.
आज डोळे यादीत होते,
ठेवायचं राहून गेलं.

तारेवर काहीच नाही.
मग श्वास.
मग भिंतीवरच्या घड्याळाचा टोला, त्यांच्या घरातला.
मग आणखी काहीच नाही.

‘परवा धक्क्यावरून येताना,’ वडील म्हणाले,
‘वळण आठवेना.
आपल्याच घराचं.
गाडी बंद करून बसलो थोडा वेळ.’

तिनं काय उत्तर दिलं
ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही.

रात्री साडेनऊला, कोट अंगावरच,
तिनं कोड उघडला.
फिल्टरच्या पोटात नेहमी थोडं काही उरतं.
मागून येणारं पुढच्याला ढकलतं,
तसं सगळं एकामागून एक बाहेर पडतं.
शंभराव्याच्या मागे कुणीच नव्हतं.
पाठवणं संपलं की सिम्युलेशन दिवा मालवून निघून जायचं,
आणि ते आत, दारापर्यंत आलेलं,
तसंच.

तिनं शेवटी दोन हजार शून्यं जोडली.
निरोप नाही, खूण नाही,
फक्त थांबणं.

मग गोंगाट पुन्हा होता तेवढा केला.
चौऱ्याण्णव आली.
सहा त्यानं खरोखरच नेली,
त्यांच्याबद्दल तिची तक्रार नाही.

यादीच्या तळाशी:
क्रमांक शंभर, जाडी सत्तेचाळीस.

आकडा तिनंच टाइप केलेला, सोमवारी, मनाला येईल तो.
तरी तिनं तो दोनदा वाचला.
सत्तेचाळीस.
गाडी जाईल एवढा बर्फ.